टाळी दूरची, हिशेब घरचा

मराठीत एक म्हण आहे, पिकते तिथे विकत नाही. कलावंतांच्या बाबतीत ती आपण फार सहज वापरतो. आपल्या भागातली एखादी नर्तकी परदेशातल्या कला महोत्सवात नाचून आली, तिथल्या लोकांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या, वर्तमानपत्रात 'सातासमुद्रापार' या शब्दासकट तिचा फोटो छापून आला, की ही म्हण ठरलेली. गावाला किंमत कळली नाही, जगाला कळली, असे म्हणून आपण हळहळतो आणि पान उलटतो.

या म्हणीत एक सोय आहे. जोंधळा गावात विकला गेला नाही तर त्यात गावाचा दोष नसतो, कारण सगळ्यांच्याच शेतात जोंधळा असतो. नर्तकीची गोष्ट तशी नाही. तिचा नाच गावात विकला जातो, चांगला विकला जातो. सुपारी देऊन, तिकीट काढून, रात्र जागवून लोक तो पाहतात. मिळत नाही ती इज्जत. म्हणजे ही म्हण इथे लागूच पडत नाही. ती फक्त आपल्याला प्रश्नातून सोडवते.

प्रश्न असा आहे. दूरच्या लोकांनी वाजवलेली टाळी ही इज्जत आहे काय? आणि असलीच, तर तिने घरच्या लोकांचे देणे फिटते काय? या प्रश्नाचा विचार आम्हाला सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत उभे राहून करावासा वाटतो. कृष्णा महाबळेश्वरातून निघते, वाईवरून साताऱ्याजवळच्या माहुलीला येते, कराडात कोयनेला मिळते आणि पुढे वाळव्याच्या रानातून सांगलीला जाते. या काठाने महाराष्ट्राला नाचगाणे भरभरून दिले. वाईच्या यमुनाबाई वाईकर इथल्या. वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, म्हणजेच पठ्ठे बापूराव, इथले. त्याच तालुक्यातल्या वाटेगावचे अण्णा भाऊ साठे इथले. सांगलीजवळचे कवलापूर तर काळू-बाळूंच्या तमाशामुळे ओळखले जाते. तेव्हा देण्याघेण्याचा हिशेब मांडायचा तर वही इथलीच उघडायला हवी.

आणि या वहीत आपलेही नाव आहे. या भागात जत्रेलाही उरूस म्हणतात आणि पिराच्या उरुसाला सारा गाव आपली जत्रा मानतो. सकाळी संदल निघतो, दर्ग्यावर गलेफ चढतो, फातेहा होते, संध्याकाळी कव्वाली होते आणि कित्येक गावांत रात्री तमाशा उभा राहतो. वर्गणी सगळ्यांची असते, पंच कमिटीत हिंदू-मुसलमान दोघे असतात. त्याहून जुना धागाही आहे. पेशवाईच्या अखेरच्या काळात लावणी ज्यांनी गाजवली त्यांच्यातला सगनभाऊ हा मुसलमान, जेजुरीचा शिकलगार. अण्णा भाऊंच्या खांद्याला खांदा लावून लाल बावटा कलापथक उभे करणारे शाहीर अमर शेख म्हणजे बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल. ही परंपरा परकी आहे, आपला तिच्याशी संबंध नाही, असे म्हणण्याची सोय आपल्याला नाही.

आता परदेशातला महोत्सव म्हणजे नेमके काय, ते पाहू. गावात तमाशा रात्रभर चालतो. गण होतो, गवळण होते, बतावणी होते, रंगबाजी होते आणि मग वग. ढोलकीवाला, झीलकरी, सोंगाड्या आणि नाचणारी, सगळे मिळून रात्र ओढून नेतात. महोत्सवात या सगळ्यातली वीस मिनिटे कापून घेतली जातात. वग जातो, कारण भाषा कळत नाही. बतावणी जाते, कारण विनोद कळत नाही. लावणीतला शब्द कानावर पडतो पण पोचत नाही. बैठकीच्या लावणीत एकच ओळ दहा तऱ्हांनी डोळ्यांतून, भुवईतून, हाताच्या बोटांतून सांगायची असते. त्या अदाकारीचा अर्धा जीव शब्दात असतो. तिथे उरतात ते चाळांचा आवाज, नऊवारीचा रंग आणि गिरकी. परदेशातला रसिक मनापासून टाळी वाजवतो, यात शंका नाही. पण तो जे पाहतो ते तिच्या कलेचे टरफल असते. पूर्ण दाणा ज्याला कळतो तो प्रेक्षक वाईत, इस्लामपुरात, विट्यात बसलेला असतो. म्हणून त्याची दाद ही खरी दाद आणि त्याने केलेला अपमान हाही खरा अपमान.

तरीही परदेशी रंगमंचावर तिला एक गोष्ट मिळते जी इथे सहसा मिळत नाही. ती टाळी नव्हे. ती म्हणजे कपडे बदलायला आतून कडी लागणारी खोली. पत्रिकेत छापलेले तिचे पूर्ण नाव. ठरलेले पैसे, ठरलेल्या वेळी. कार्यक्रम संपल्यावर राहुटीच्या कनातीपाशी न घोटाळणारा प्रेक्षक. या गोष्टींना संस्कृती लागत नाही, कलेची जाणही लागत नाही. त्याला फक्त समोरची बाई कामावर आलेली माणूस आहे, एवढे समजावे लागते. आमच्या मते सातासमुद्रापारच्या अनुभवातला हाच भाग खरा मोलाचा आहे आणि तोच आपल्या बातम्यांत येत नाही.

इथे मिरजेचा दाखला उपयोगी पडतो. मिरजेत सतारी आणि तानपुरे बनतात. ही कला एकोणिसाव्या शतकात उभी केली ती शिकलगारांनी, म्हणजे हत्यारांना धार लावणाऱ्या मुसलमान कारागिरांनी. तलवारीचे दिवस गेले तसे हे हात वाद्यांकडे वळले आणि फरीदसाहेब सतारमेकर यांच्यापासून पिढ्यांमागून पिढ्या तेच काम करीत आल्या. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा येतो, तो सुकवला जातो, त्याला लाकडाची जोड मिळते, तारा चढतात आणि शेवटी जवारी लावली जाते. ही वाद्ये जगभर जातात. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. याच मिरजेत उस्ताद अब्दुल करीम खाँ राहिले, १९३७ साली त्यांचे निधन झाले आणि ख्वाजा शमना मीरा साहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांना दफन करण्यात आले. दर्ग्याच्या उरुसात त्यांच्या स्मृतीसाठी आजही मोठमोठे गवई येऊन गातात. सतारमेकरांच्या घरी सोयरीक करताना कोणी नाक मुरडल्याचे आमच्या ऐकण्यात नाही.

मग एकाच मैफलीतल्या तानपुऱ्याला मान आणि नाचणाऱ्या पायांना बोल, असे का? आम्हाला याचे उत्तर असे दिसते की तानपुरा पेटीत घालून परदेशी पाठवता येतो. बनवणाऱ्याचे नाव, जात, चारित्र्य, काहीही त्याच्याबरोबर जात नाही. नर्तकीचे वाद्य म्हणजे तिचे स्वतःचे शरीर. ते कुठेही गेले तरी तिच्यासकट जाते आणि परत आले तरी तिच्यासकट येते. वाद्य पाहणारा वाद्यच पाहतो; नाच पाहणारा नाचाबरोबर बाई पाहतो आणि नाच संपला तरी बाईवर आपला हक्क उरला आहे असे समजतो. सगळा घोळ या समजुतीत आहे.

परदेशातल्या टाळीकडे परत येऊ. ती टाळी नेहमीच भल्या हातांची असते असे नाही, हे दाखवणारा एक प्रसंग महाराष्ट्राशी जोडलेला आहे. मुंबईत राहणाऱ्या लीला सोखी 'मेनका' या नावाने नाचत. जन्माने त्या बारिसालच्या, पण पुढे त्यांनी खंडाळ्याला नृत्यालयम् ही संस्था काढली. १९३६ ते १९३८ या काळात त्यांचा संच युरोपभर फिरला. त्या दौऱ्यात उस्ताद सखावत हुसेन खाँ यांचा सरोद होता आणि आठ-दहा वर्षांची एक मराठी मुलगी होती, दमयंती जोशी. हीच मुलगी पुढे नामवंत कथक नर्तकी झाली आणि १९७० साली पद्मश्री ठरली. जुलै १९३६ मध्ये ऑलिंपिक खेळांच्या तोंडावर बर्लिनला आंतरराष्ट्रीय नृत्यस्पर्धा भरली. तिथे मेनकांच्या संचाचा मोठा गौरव झाला. गुलाम देशातून आलेल्या कलावंतांना गोऱ्या लोकांनी बरोबरीने बसवले, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

पण ती टाळी कोणाची होती? हिटलरच्या सरकारने भरवलेला तो सोहळा होता. आदल्या वर्षीच न्यूरेंबर्गच्या कायद्यांनी तिथल्या ज्यूंचे नागरिकत्व काढून घेतले होते आणि ज्यू कलावंतांना रंगमंचावरून हुसकावले होते. दूरच्या पाहुण्यांच्या नाचाला टाळी वाजवणारे राज्य आपल्या शेजारच्या नर्तकाला उपाशी मारत होते. त्याच महोत्सवाचे निमंत्रण अमेरिकेच्या मार्था ग्रॅहॅम यांनाही होते. त्यांच्या संचात ज्यू मुली होत्या. छळ झालेल्या कलावंतांच्या देशात मी नाचणार नाही, अशी भूमिका घेऊन त्यांनी ते नाकारले. मेनकांना आज बसून दोष देणे आम्हाला योग्य वाटत नाही. त्यांचे पारतंत्र्य, त्यांची गरज वेगळी होती. पण या प्रसंगातून एक गोष्ट स्वच्छ होते. पाहुण्या कलावंताचा सत्कार करणे सोपे असते. पाहुणी आठ दिवसांनी जाणार असते. तिच्या मुलाला आपल्या शाळेत बसायचे नसते, तिला आपल्या गल्लीत घर भाड्याने घ्यायचे नसते. समाजाची परीक्षा पाहुणीच्या सत्काराने होत नाही, शेजारणीच्या वागवणुकीने होते.

याच्या उलट बाजूचे उदाहरणही द्यायला हवे, नाहीतर आमचा विचार एकांगी होईल. राजस्थानच्या कालबेलिया समाजातल्या गुलाबो सपेरा यांना जन्मताच जमिनीत पुरले होते आणि नंतर बाहेर काढून वाचवले, असे त्या स्वतः सांगतात. मुलींनी लोकांपुढे नाचावे याला त्यांच्या समाजाचा विरोध होता. १९८५ साली अमेरिकेतल्या भारत महोत्सवासाठी वॉशिंग्टनला जाऊन त्या नाचल्या. परत आल्यावर ज्या समाजाने नाके मुरडली होती त्याने त्यांचे स्वागत केले, आपल्या मुलींना त्यांच्याकडे शिकायला पाठवले. २०१० साली कालबेलिया नाचगाण्यांना युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली आणि २०१६ साली गुलाबोंना पद्मश्री. म्हणजे दूरची टाळी घरचे दार उघडू शकते. ते नाकारण्यात अर्थ नाही. मात्र दार उघडले ते घरच्यांनी उघडले, म्हणून. टाळी ही फार तर दारावरची थाप. आत असणाऱ्यांनी कडी काढली नाही तर थाप ऐकू येऊनही दार बंदच राहते.

आपल्या भागात काय घडले? अण्णा भाऊ साठे १९६१ साली रशियाला जाऊन आले. तिथे त्यांच्या लेखणीचा आणि शाहिरीचा सन्मान झाला; त्यांनी त्या प्रवासाचे पुस्तकही लिहिले. परत येऊन ते घाटकोपरच्या चिरागनगरच्या झोपडपट्टीतच राहिले आणि १९६९ साली हालअपेष्टांत गेले. पठ्ठे बापूरावांनी ब्राह्मण्य सोडून तमाशाचा फड धरला, पवळा हिवरगावकर या महार समाजातल्या नर्तकीबरोबर महाराष्ट्र गाजवला आणि १९४५ साली पुण्यात गरिबीत डोळे मिटले. त्यांचे नाव निदान राहिले. पवळेचे नाव आपण बापूरावांच्या नावामागून घेतो, ती स्वतः मोठी कलावती होती हे सांगायला मात्र विसरतो.

यमुनाबाई वाईकर यांचा जन्म १९१५ सालचा, गरीब कोल्हाटी कुटुंबातला. बैठकीच्या लावणीतली त्यांची अदाकारी पाहून मोठमोठे जाणकार थक्क झाले. १९७५ साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि पद्मश्री मिळाली ती २०१२ साली, वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी. २०१८ साली त्या वाईतच वारल्या. विठाबाई नारायणगावकर या तर तमाशाच्या सम्राज्ञी. १९६२ च्या युद्धात त्यांनी सीमेवर जाऊन जवानांपुढे कला सादर केली, राष्ट्रपतींच्या हातून पुरस्कार घेतले. बाळंत होऊन पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, ही त्यांची हकिकत महाराष्ट्र कौतुकाने सांगतो. कौतुक कशाचे करतो आहोत, याचा मात्र विचार करीत नाही. बाळंतिणीला पुन्हा नाचायला लावणारा प्रेक्षक त्या हकिकतीत बसलेला आहे आणि त्याला कोणी नाव ठेवत नाही. २००२ साली विठाबाई गेल्या तेव्हा औषधपाण्याचा खर्च लोकांच्या मदतीने भागवावा लागला होता. त्यानंतर सरकारने त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. तो मिळालेल्या कांताबाई सातारकर साताऱ्यात वाढल्या, पुरुषी भूमिकाही गाजवल्या आणि मे २०२१ मध्ये करोनाच्या काळात गेल्या. त्या दोन वर्षांत जत्रा बंद, उरूस बंद. सुपारी नाही म्हणजे चूल नाही. टाळ्या थांबल्या तेव्हा या लोकांजवळ काय उरले, हे त्या दोन हंगामांनी उघड केले. कर्ज उरले.

दरम्यान लावणीचे मात्र बरे चालले आहे. दूरदर्शनच्या वाहिन्यांवर तिच्या स्पर्धा होतात. चांगल्या घरच्या मुली ती शिकतात. अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अधिवेशनांत ती नाचली जाते आणि तिथेही टाळ्या पडतात. यात वाईट काही नाही, कला पसरावीच. पण एक विचित्र गोष्ट घडली आहे. नाच अब्रूदार झाला आणि ज्यांनी तो सांभाळला त्या बाया तशाच राहिल्या. जणू चाळ धुऊन घेतले आणि ज्या पायांचे होते ते पाय दाराबाहेर ठेवले. शैलजा पाईक यांनी तमाशातल्या दलित स्त्रियांवर २०२२ साली इंग्रजीत मोठा ग्रंथ लिहिला आणि २०२४ साली त्यांना अमेरिकेची मॅकआर्थर शिष्यवृत्ती मिळाली. अश्लीलतेचा शिक्का नाचाहून अधिक जातीवर कसा मारला गेला, हे त्यांनी दाखवले आहे. त्याआधी १९९४ साली डॉ. किशोर शांताबाई काळे यांचे 'कोल्हाट्याचं पोर' आले. बापाच्या नावाच्या जागी आईचे नाव लावणाऱ्या त्या मुलाने नर्तकीच्या घराची आतली बाजू सांगितली. तिने कमवायचे, भावांनी खायचे, तिच्या मुलांनी मात्र बाप कोण या प्रश्नाला तोंड देत शाळेत बसायचे. इतके सांगून झाल्यावरही आपण म्हणत असू की आम्हाला माहीत नव्हते, तर ते खरे नाही.

इथे आपल्या समाजात एक प्रश्न हमखास पुढे केला जातो. नाचगाणे जायज आहे की नाजायज? हा प्रश्न खोटा नाही. त्यावर शतकानुशतके वाद झाले आहेत. ईदच्या दिवशी मशिदीत हबशी लोक भाल्यांचे खेळ करीत होते आणि पैगंबरसाहेबांनी (स.) हजरत आयेशांना (रजि.) ते मन भरेपर्यंत पाहू दिले, ही हदीस एक पक्ष सांगतो, तो हत्यारांचा खेळ होता, नाच नव्हे, असे दुसरा पक्ष म्हणतो. इमाम गझालींनी 'इह्या'मध्ये समाअवर एक संपूर्ण प्रकरण लिहिले आणि ऐकणाऱ्याचे मन, वेळ आणि संगत पाहून हुकूम ठरवावा, असा विचार मांडला. ज्याला नाच पाहणे नाजायज वाटते त्याच्या श्रद्धेचा आम्ही आदर करतो. त्याने पाहू नये, बोलावू नये, वर्गणी देऊ नये.

परंतु हा प्रश्न एक आहे आणि नाचणाऱ्या बाईच्या हक्काचा प्रश्न दुसरा आहे. आपल्याकडे हुकूकुल्लाह आणि हुकूकुल इबाद असा फरक शिकवला जातो. पहिले अल्लाहचे हक्क, दुसरे बंद्यांचे. पहिल्यात चूक झाली तर तौबा आहे, अल्लाह माफ करणारा आहे. दुसऱ्यात ज्याचा हक्क मारला त्यानेच माफ केले पाहिजे. शहीदाचे सारे गुन्हे माफ होतात, कर्ज मात्र होत नाही, असे हदीस सांगते ते याच अर्थाने. नाच पाहणे हा गुन्हा असेल तर तो पहिल्या वहीतला. नाचणारीचे ठरलेले पैसे बुडवणे, तिच्या राहुटीत डोकावणे, तिच्यावर तोहमत घेणे, तिच्या मुलाला हिणवणे, हे सारे दुसऱ्या वहीतले. पहिल्या वहीवर वाद घालत बसून दुसरी वही उघडायचीच नाही, ही आपली जुनी सवय आहे. नाच हराम आहे एवढे म्हटले की आपण सुटलो असे वाटते. प्रत्यक्षात आपण सुटत नाही; बाई सुटते, आपल्या हिशेबातून.

कुरआनात सूरह हुजुरातमध्ये पुरुषांनी पुरुषांची आणि बायकांनी बायकांची थट्टा करू नये, कोणाला वाईट नावाने हाक मारू नये, असे बजावले आहे. सूरह नूरमध्ये चार साक्षीदारांशिवाय पाकदामन स्त्रीवर आळ घेणाऱ्याला कडक शिक्षा सांगितली आहे आणि त्याची साक्ष पुन्हा कधी मानू नये असे म्हटले आहे. आता प्रामाणिकपणे पाहू. चाळ बांधणारी बाई म्हटली की तिच्या चारित्र्याचा निकाल आपण एकाही साक्षीदाराशिवाय देऊन टाकतो. मजुराचा घाम वाळायच्या आत त्याची मजुरी द्यावी, ही हदीस आपण दुकानात, शेतात, कारखान्यात सांगतो. रात्रभर नाचलेल्या बाईच्या अंगावरचा घाम हाही घामच असतो.

काही जण म्हणतील, तिने हा धंदा स्वतःच पत्करला. ज्या घरात मुलीच्या पायात चाळ बांधायचे तिला कळण्याआधी ठरलेले असते, तिथे पत्करणे या शब्दाला फारसा अर्थ नाही. आणि ज्यांनी तो खरोखर आपखुशीने पत्करला, त्यांनी कामाची मजुरी आणि माणसाची इज्जत सोडून दिली असे कुठे लिहिले आहे? दुसरे म्हणतील, अशा बायांना मान दिला तर आपल्या मुली बिघडतील. मान देणे म्हणजे आमंत्रण देणे नव्हे. गवंड्याच्या बायकोला नीट वागवल्याने मुली गवंडीकाम करायला जात नाहीत. तिसरे म्हणतील, आम्ही तर पाहिलाच नाही, आमचे काय देणे? त्यांचे देणे खरोखर कमी आहे. पण शेजाऱ्याचा हक्क नाच पाहिल्याने लागू होत नाही, शेजारी राहिल्याने होतो. घर भाड्याने देताना, शाळेत मुलाचे नाव घालताना, आजारपणात, मयतीत त्यांचीही पाळी येते.

हे देणे फेडायला परदेशी महोत्सव लागत नाही. ज्या गावच्या उरुसात तमाशा आहे त्या गावच्या कमिटीने ठरलेली सुपारी रात्र संपताच हातात ठेवावी. कपडे बदलायला आतून कडी लागणारी एक खोली द्यावी. गावात शाळा असते, समाजमंदिर असते, ते एका रात्रीसाठी उघडता येते. पाणी, उजेड आणि संडास यांची सोय करावी. जाहिरातीच्या कागदावर फडमालकाच्या नावाबरोबर नाचणाऱ्यांची नावेही छापावीत, पूर्ण आणि आदराने. म्हाताऱ्या कलावंतांसाठी सरकारचे मानधन आहे. दाखले आणि अर्ज यांच्यापुढे ज्या बायांचे हात टेकतात त्यांच्याबरोबर गावातल्या एखाद्या शिकलेल्या मुलाने तहसीलपर्यंत जावे. यातल्या कशालाही फतवा लागत नाही आणि यातल्या कशानेही कोणाचा ईमान कमी होत नाही.

दूरच्या टाळीला आम्ही कमी लेखत नाही. ज्या बाईला घरी कोणी बसा म्हटले नाही तिला परक्या मुलखात लोक उठून उभे राहिले तर तिच्या डोळ्यांत पाणी येईलच आणि ते पाणी खरे असेल. पण त्या टाळीचे पैसे आपल्या खात्यात जमा होत नाहीत. बर्लिनने वाजवली, वॉशिंग्टनने वाजवली, म्हणून वाई आणि मिरज मोकळे होत नाहीत. ज्याने जेवढी रात्र तिच्या नाचावर जागवली त्याच्याकडे तेवढे देणे आहे आणि ते त्यानेच फेडायचे आहे, इथे, ती हयात असताना. कारण माफ करायचे की नाही हे ठरवण्याचा हक्क तिचा आहे आणि ती मातीआड गेल्यावर माफी मागायला माणूसच उरत नाही.